हे टांकसाळीत झालं की बाहेर कुणी केलं? गिरणीच्या डब्यातली पाच नाणी

गिरणीवाली_कराड

नमस्कार. कराडजवळच्या एका गावात आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी आणि मिस्टर चालवतो. दळणाचे पैसे हल्ली मोबाइलवर येतात, पण म्हातारी माणसं अजून पदराच्या गाठीतून नाणीच सोडतात. गल्ल्यात एखादं वेगळं नाणं दिसलं की सासरे ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि डबा माझ्याकडे आला.

गेल्या महिन्यात पुतण्याने त्यातल्या एका नाण्याचा फोटो कुठल्याशा ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, हे एरर कॉइन आहे, दोन लाख देतो. आधी फक्त १,८५० रुपये नोंदणी फी भरा." मिस्टर भरायला निघाले होते. मी म्हटलं, ज्याला दोन लाख द्यायचेत त्याने त्यातूनच फी कापून घ्यावी. तेवढ्यावर थांबलं. पण तेव्हापासून डोक्यात बसलंय की डब्यातलं खरं एरर, म्हणजे टांकसाळीतच चुकून तसं झालेलं, काय आणि बाहेर कुणी खोडी केलेलं काय, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे. विकायचं नाही. सासऱ्यांनी जपलेलं आहे, ते काय आहे एवढं कळावं.

नाणी अशी:

१. पाच रुपयांचं जाड पांढरं, जुनं. छाप्याच्या बाजूला सिंह नीट आहेत. काट्याच्या बाजूला पाचाचा आकडा आहे, पण त्यावरच सिंह उलटे उमटलेत, आत गेलेले, आणि 'भारत' आरशात दिसावं तसं. फोन आला तो ह्याच नाण्यासाठी.

२. एक रुपयाचं स्टीलचं, १९९८ चं, सालाखाली हिऱ्यासारखी खूण. सिंहांच्या बाजूने धरलं तर डावीकडे 'भारत'च्या बाहेर उंदराने भाकरी कुरतडावी तसा अर्धगोल तुकडा गेलाय. सासरे म्हणायचे, कुणीतरी कात्रीने कापलं असणार.

३. दहा रुपयांचं, मधली पांढरी चकती नाही, नुसतं पिवळं कडं.

४. पाच रुपयांचं, हल्लीचं पिवळं असतं ते, पण रंग पार तांब्याचा.

५. शिवराई. देव्हाऱ्यात होती. 'श्री राजा शिव' ह्यातलं पुरतं काहीच दिसत नाही, छाप एका अंगाला सरकलाय.

डब्यात सहावंही एक आहे, पण त्याचं विचारत नाही, कारण ते माझ्यासमोर झालं. धान्य ओततो त्या तोंडाशी आम्ही लोहचुंबक बसवलंय, खिळे-तारा धरायला. स्टीलचा रुपया दळणात आला तर त्याला चिकटतो. पण एका संध्याकाळी जोंधळ्याबरोबर जुनं पाच रुपयांचं नाणं आलं, ते चुंबकाने सोडलं आणि दगडात गेलं. जो आवाज झाला! दगड टाकी लावून घ्यावे लागले. त्या नाण्याला एका बाजूला सिंह नाहीतच, सगळ्या रेघा एकाच दिशेने वळलेल्या.

---

जुना_फिटर

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या सहाव्या नाण्यात आहे. ते टाकू नका.

मी चौतीस वर्षं पिंपरीला एका कारखान्यात डाय फिटर होतो. प्रेस शॉप. पत्र्याच्या पट्ट्यातून चकत्या तोडायच्या, त्यांना काठ काढायचा, ठसा मारायचा. नाणी कधी बनवली नाहीत, पण नाणं बनतं त्याच जातीच्या यंत्रांवर आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर नाण्यांचा नाद लागला तो त्यामुळेच. आमच्याकडे नाकारलेला माल टेबलावर आला की साहेबाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, हे पंचाखाली बिघडलं की नंतर ट्रॉलीत? पंचाखाली बिघडलं असेल तर मशीन थांबवायचं. ट्रॉलीत बिघडलं असेल तर मशीनला हात लावायचा नाही. उत्तर चुकलं तर पूर्ण पाळी वाया. तुमचा प्रश्न तोच आहे, म्हणून मला राहवलं नाही.

आधी नाणं कसं होतं ते डोळ्यांसमोर आणा. धातूचा लांब पट्टा असतो. त्यातून पंच कोऱ्या चकत्या तोडत जातो. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन चकचकीत करतात. मग प्रत्येक चकती कडेने दाबत गरकन फिरवतात, त्यामुळे तिच्या भोवती जरा उभा काठ येतो. शेवटी ती प्रेसमध्ये जाते. खाली एक ठसा, वर एक ठसा, बाजूने पोलादी कॉलर. कित्येक टनांचा एकच ठोका. त्या क्षणी धातू घट्ट असला तरी वाहतो. ठशाच्या खोलगट भागात चढतो, बाजूला कॉलरपर्यंत पसरतो. अक्षर उभं राहतं ते धातू तिथे चढल्यामुळे.

आता ह्यातून एक गोष्ट आपोआप निघते, आणि मला सांगायचं आहे ते एवढंच आहे. टांकसाळीत चूक झाली, तर ती ज्या पायरीवर झाली त्याच्या पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या चुकीवरून गेलेल्या असतात. त्यांच्या खुणा चुकीवर सापडतात. बाहेर झालेली इजा मात्र सगळ्यांच्या वर बसलेली असते. तिच्यानंतर काहीच घडलेलं नसतं. तुमच्या दगडात गेलेल्या नाण्यावर बघा, रेघ अक्षराला आडवी कापून जाते. अक्षर आधी होतं, रेघ नंतर आली. बोट फिरवलं तरी कळेल.

म्हणून नाणं हातात घेतलं की मी 'हे विचित्र का दिसतं' असं विचारत नाही. धातू गेला कुठे, आणि त्यानंतर त्याच्यावर काय काय झालं, हे विचारतो.

आता तुमचं पहिलं नाणं. ह्यावर जरा वेळ घालवतो, कारण ह्याच प्रकारात माणसं सगळ्यात जास्त फसतात.

एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूला उलटं आणि खोल उमटण्याचा खरा प्रकार टांकसाळीत होतो. आपल्याकडचे नाणेवाले त्याला लखी म्हणतात. छापलेलं नाणं प्रेसमधून बाहेर पडायचं राहतं आणि एका ठशाला चिकटून बसतं. त्यावर पुढची कोरी चकती येते. ठोका पडतो तेव्हा चकतीच्या एका अंगाला ठसा असतो आणि दुसऱ्या अंगाला ठशाऐवजी ते चिकटलेलं नाणं. त्याचा उंच सिंह चकतीत घुसतो, म्हणून सिंह आत गेलेला आणि आरशातला. दुसऱ्या बाजूला तोच सिंह सरळ आणि उंच. आता विचार करा, अशा नाण्यावर पाचाचा आकडा असेल का? पाचाचा ठसा तर चिकटलेल्या नाण्याने झाकला होता. चकतीने तो पाहिलाच नाही. म्हणजे खऱ्या लखीवर एकाच बाजूचं चित्र दोनदा असतं, एकदा सुलटं, एकदा उलटं. आकड्याचा मागमूस नाही.

तुम्ही लिहिलंय की पाचाचा आकडा आहे आणि त्यावर सिंह आहेत. तिथेच निकाल लागला. आकडा आधी, सिंह नंतर. पूर्ण झालेल्या नाण्यावर दुसरं नाणं ठेवून कुणीतरी व्हाइसमध्ये आवळलंय.

मी हे स्वतः करून बघितलंय. खऱ्या नाण्यांची मोडतोड कायद्यात बसत नाही, म्हणून दोन पितळी टोकनं घेतली, समोरासमोर ठेवली आणि सहा इंची व्हाइसमध्ये आवळली. दांड्याला पाइप घालून जोर लावला. बाहेर काढलं तर खालच्या टोकनाचे उंच भाग चपटे, त्यात वरच्याची अक्षरं उलटी उमटलेली, पण उथळ. माणसाच्या जोराने धातू वाहत नाही, नुसता दबतो. आणि वरच्या टोकनाचा काठ अगदी बरोबर खालच्या काठावर बसला नव्हता, त्यामुळे एका अंगाला चंद्रकोरीसारखा ओरखडा आला. तुमच्या नाण्यावर ती कोर शोधा. शिवाय जिथे सिंह 'नीट' आहेत म्हणता ती बाजू उन्हात तिरकी धरा. ती व्हाइसच्या जबड्याला टेकलेली होती. सिंहांचे सगळ्यात उंच भाग, छाती आणि आयाळ, जरा सपाट होऊन चकाकत असतील. जबडा दातेरी असेल तर जाळीदार रेघाही सापडतील.

दुसऱ्या नाण्याबद्दल आत्ता काही म्हणत नाही. मला त्यात रस आहे. दोन कामं करा. एक, तुकडा गेलाय त्याच्या बरोबर समोर, म्हणजे 'इंडिया'च्या इंग्रजी अक्षरांच्या बाहेर, काठ कसा आहे ते बघा. दुसरं, सोनाराकडे जाऊन पहिली दोन्ही नाणी आणि सोबत एक साधा धडका रुपया त्याच जातीचा, अशी तिन्हींची वजनं घ्या.

---

नाणेवेडा_नागपूर

शिवराईबद्दल मी लिहितो, कारण त्या एका नाण्यापायी मी दोनदा पुण्याला आणि एकदा नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत जाऊन आलोय.

ताई, सरकलेला छाप ही शिवराईतली चूक नाही, ती शिवराईची रीतच आहे. तांब्याचा तुकडा ऐरणीवरच्या ठशावर ठेवायचा, वरचा ठसा हातात धरायचा, घण मारायचा. कॉलर नाही, मोजून तोडलेली चकती नाही. त्यात ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि मागचं 'छत्र पति' पूर्ण उतरलेलं नाणं मिळणं हीच दुर्मिळ गोष्ट. छत्रपतींनंतरही शिवराया अनेक वर्षं, अनेक ठिकाणी पडत राहिल्या, त्यामुळे त्यांच्यात अक्षरांचे, ठिपक्यांचे कितीतरी फरक आहेत. तुमच्या नाण्यावर जेवढी अक्षरं आहेत त्यांचा जवळून फोटो टाका, वळणावरून काही सांगता येईल. 'एरर शिवराई' म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर त्याला शिवराई कळलेली नाही.

जुन्या चांदीच्या रुपयांवरही असंच. त्यांच्यावर बारीक चांदणी, फूल, टिंब असे खोल ठसे असतात. ते सराफांनी चांदी पारखून मारलेले असतात. आणि कडेला डाग दिल्याची खूण म्हणजे कधीकाळी कडी लावून गळ्यात घातलेला रुपया. दोन्ही टांकसाळीबाहेरचीच कामं. पण सराफाची खूण असलेला रुपया मी आनंदाने घेतो, तो बाजारातून फिरून आला त्याचा तो पुरावा आहे.

बाकी जुन्या फिटरकाकांशी सहमत, फक्त एक. मला वाटतं एवढ्या तपासणीची गरजच नाही. वजन करा. पाच रुपयांचं ते जाड नाणं ९ ग्रॅम, स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम, दहाचं ७.७१ ग्रॅम. वजन भरलं तर टांकसाळीचं, कमी भरलं तर कुणीतरी कानस मारलेली.

---

बँकेतली_मी

फोनबद्दल सांगते. तुम्ही थांबलात ते फार चांगलं केलंत. काउंटरवर बसले असताना अशी माणसं मी पाहिली आहेत, फी भरून आलेली, आता दुसरा हप्ता 'कर' म्हणून मागतात असं सांगणारी. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली कमिशन आणि फी उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढलं होतं. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही, त्यासाठी कुणाकडून फी घेत नाही, आणि तसा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. तो नंबर सायबर पोलिसांच्या १९३० वर कळवा. तुमचे पैसे गेले नसले तरी कळवा.

---

गिरणीवाली_कराड

सगळ्यांचे आभार. आज बाजाराचा दिवस होता, गिरणी मिस्टरांवर सोडून सोनाराकडे गेले. त्यांचा काटा दोन दशांशांपर्यंत दाखवतो. त्यांनी डोळ्याला लावायचं भिंगही दिलं, आणि तासभर मी तिथल्या बाकावरच बसले.

वजनं: पाच रुपये (उलटे सिंह) ८.९७. साधा स्टीलचा रुपया ४.८३. तुकडा गेलेला रुपया ४.५१. तांबूस पाच रुपयेही घेऊन गेले होते, ते ५.८८.

पाचाच्या नाण्यावर ती चंद्रकोर आहे काका! आकड्याच्या उजव्या अंगाला, नखाएवढी. आणि सिंहांच्या छातीवर जाळी आहे. इतकी वर्षं ते नाणं हातात घेतेय, ती जाळी मला कधी दिसली नव्हती. भिंगातून पाचाचा आकडा सिंहांच्या खाली चिरडलेला दिसतो, फुलांची नक्षीसुद्धा.

मग रुपया बघितला. तुकडा गेलाय तिथे कात्रीची धार लागल्यासारखी कड नाही, गोलाई अगदी गुळगुळीत आहे. 'भारत'ची अक्षरं तुकड्याच्या बाजूला ओढल्यासारखी, जरा फुगलेली वाटतात. आणि बरोबर समोर, 'इंडिया'च्या बाहेर, काठ नाहीसाच झालाय. साधारण तांदळाच्या दोन दाण्यांएवढ्या लांबीत काठ चपटा होत जातो आणि पुन्हा वर येतो. तिथे तर कुणी कापलेलं नाही, मग काठ कुठे गेला?

पण नागपूरच्या दादांच्या हिशेबाने बघितलं तर पाचाचं वजन भरतंय म्हणजे ते खरं, आणि रुपया कमी भरतोय म्हणजे कुणी कापलेला. मला काही उमजेना.

---

जुना_फिटर

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमच्या सासऱ्यांचा रुपया टांकसाळीतली खरी चूक आहे. मला फार आनंद झाला.

समोरचा काठ कुठे गेला ते सांगतो. पट्ट्यातून चकत्या तुटत असतात. एक चकती तुटली की पट्टा पुढे सरकायला हवा. तो जरा कमी सरकला. पंच खाली आला तो थोडा आधीच्या भोकावर पडला. भोक गोल, म्हणून चकतीचा तेवढा भाग आतल्या बाजूला वळलेल्या गोलाईत गेलेला. चंद्राला ग्रहण लागावं तसा. ती गोलाई चकतीच्या स्वतःच्या गोलाईशी जुळते, कारण भोकही त्याच पंचाचं. साधा रुपया त्या खाचेत ठेवून बघा, जवळजवळ बसेल.

आता ही अपुरी चकती काठ काढायच्या यंत्रात गेली. तिथे चकती दोन बाजूंनी चेपली जात फिरते. एका बाजूने दाब हवा असेल तर समोरच्या बाजूने आधार हवा, हे कुणीही सांगेल. चकती फिरत फिरत खाचेपाशी आली, तिथे यंत्राला टेकायला धातूच नाही. त्या क्षणी समोरच्या बिंदूवरही दाब पडला नाही. म्हणून समोर काठ उभा राहिला नाही. इंग्रजीत ह्याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, पण तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तो बसका काठ विसरू नका.

मग चकती प्रेसखाली गेली. ठोका पडला. धातू वाहताना खाचेकडे मोकळी जागा सापडली, तिकडे तो सैलावला. म्हणून 'भारत' खाचेकडे ओढलेलं. कात्रीने कापलं असतं तर अक्षर सुरीने कापलेल्या भाकरीसारखं तडक तुटलं असतं, आणि समोरचा काठ पूर्ण असता. कात्रीला काय माहीत समोर काय करायचं ते. चूक पट्ट्यावर झाली, आणि पुढच्या दोन्ही पायऱ्या तिच्यावरून गेल्या. दोघींनी आपापली सही ठेवलीय.

नागपूरकर, वजन घ्यायला मीच सांगितलं होतं, पण त्याचा निकाल लावायचा तर आधी विचारायचं की ही चूक कुठल्या पायरीवरची. व्हाइस धातू दाबतो, खात नाही. त्यामुळे खोडी केलेलं नाणं ९ ग्रॅमला भरणारच. पट्ट्यावर तुकडा गेलेली चकती कमीच भरणार. छाप सरकून एका अंगाला कोरं राहिलेलं खरं नाणं मात्र पूर्ण भरतं, कारण चकती पूर्ण होती, फक्त ठसा चुकीच्या जागी पडला. म्हणजे तिथे वजन कमी आलं तर शंका घ्यायची. इथे ताईंच्या डब्यात नेमकं उलट झालंय. नुसत्या काट्यावर गेलो असतो तर खोटं ठेवून खरं टाकून दिलं असतं.

दहाचं नाणं पटकन सांगतो. कडं आणि चकती दोन वेगळे तुकडे असतात, ते एकात एक ठेवून एकाच ठोक्यात सांधले जातात. चकती नसतानाच ठोका पडला असता तर कड्याचा धातू मधल्या रिकाम्या जागेत घुसला असता, भोकाची कड आत फुगलेली असती. तुमच्या कड्याच्या आतली कड सरळ आणि चकतीच्या सांध्याची चर दाखवणारी असेल, तर चकती नंतर ठोकून काढलीय. मुलं करतात.

तांबूस पाच रुपयेही बाहेरचंच. ती नाणी निकेल-पितळेची, म्हणजे तांबं, जस्त आणि थोडं निकेल. आंबट ओलाव्यात, मातीत, बॅटरीच्या पाण्यात पडलं की जस्त आधी निघून जातं आणि तांबं वर राहतं. ६ ग्रॅमचं ५.८८ झालंय ते त्यामुळे असू शकतं. भिंगाखाली पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा, स्पंजासारखा दिसेल. खरंच तांब्याच्या चकतीवर छापलं असतं तर पृष्ठभाग ठशाइतका गुळगुळीत असता.

---

एडिसनकर

चांगला धागा. एक विचारू? माझ्याकडे आईने भारतातून आणलेल्या नाण्यांमध्ये एक दोन रुपयांचं आहे, अक्षरं दुहेरी दिसतात. इथे अमेरिकेत १९५५ ची दुहेरी छपाईची एक सेंटची नाणी फार प्रसिद्ध आहेत, म्हणून आशा वाटतेय.

---

जुना_फिटर

१९५५ च्या सेंटमध्ये ठशावरच अक्षरं दुहेरी होती. ठसा बनवतानाच चूक झाली, म्हणून त्याने मारलेल्या प्रत्येक नाण्यावर दोन्ही अक्षरं पूर्ण, गोलसर आणि सारख्या उंचीची. पण ठसा सैल असेल तर ठोक्यानंतर तो जरासा सरकतो आणि आत्ताच उभ्या राहिलेल्या अक्षराची एक बाजू खरवडतो. तिथे दुसरं अक्षर पायरीसारखं सपाट दिसतं, आणि मूळ अक्षर बारीक झालेलं असतं. तेही टांकसाळीतच होतं, पण ते सर्रास सापडतं, त्याला किंमत नसते. भिंगातून बघा. दुसरी रेघ फुगीर आहे की पायरी आहे? फोटो टाकलात तर सांगतो.

---

नाणेवेडा_नागपूर

काका, वजनाचं माझं चुकलं. माझ्याकडे एक तुकडा गेलेलं नाणं होतं, मी ते कापलेलं समजून मित्राच्या मुलाला खेळायला दिलंय. आज संध्याकाळी त्यांच्या घरी जातो.

---

गिरणीवाली_कराड

परवा रात्री सगळं मिस्टरांना वाचून दाखवलं. साधा रुपया खाचेत ठेवून बघितला, खरंच बसतो. मिस्टर तो बराच वेळ फिरवत राहिले. म्हणाले, हे नाणं दादांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कधी आणि कुणाच्या दळणातून घेतलं असेल. ते आता कळणार नाही.

त्या माणसाचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, नाण्यावर पाच चिरडलेला आहे, व्हाइसमध्ये आवळलेलं आहे, तरी दोन लाख देणार का? तर म्हणतो, "मॅडम, आमच्या साहेबांना चालेल, तुम्ही फी भरा." नंबर १९३० वर कळवला.

काका, एक शेवटचं. रुपयावर पिठाचा आणि तेलाचा थर बसलाय, लिंबू-मिठाने घासू का? आणि ठेवू कशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत चालेल?

---

जुना_फिटर

लिंबू-मीठ, राख, चिंच, टूथपेस्ट काही नको ताई. घासलं की तुम्ही स्वतःच बाहेरची इजा केल्यासारखं होईल. कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब, त्यात दहा मिनिटं ठेवा, बोटाने हलकेच फिरवा, सुती कापडावर टिपून कोरडं करा. पुसायचं नाही, टिपायचं. धरायचं ते कडेने, चित्रावर बोट नको.

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा, त्यातून कालांतराने हिरवट चिकटा सुटतो. साधं कागदी पाकीट चांगलं. पाकिटावर आधी लिहा, नाणं नंतर घाला, नाहीतर पेनाचा दाब नाण्यावर जातो. साल, वजन ४.५१, खाच 'भारत'कडे, समोर काठ बसका. आणि खाली सासऱ्यांचं नाव.

व्हाइसवालं आणि दगडातलं, दोन्ही शेजारी दुसऱ्या पाकिटात ठेवा. पुतण्याला तिन्ही एकत्र हातात द्या.